व्हान्ट हॉफ : कल्पनेला मोजमापाची जोड

याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५२ रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. कार्बनच्या अणूचे चार बंध अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात, ही कल्पना त्यांनी १८७४ मध्ये मांडली. ज्येष्ठ जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान कोल्बे यांनी तिची जाहीर टवाळी केली; हा तरुण पशुवैद्यक विद्यालयात शिकवतो, याचाही उपहास केला.

१८७८ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर व्हान्ट हॉफ यांनी पहिल्याच व्याख्यानासाठी विषय निवडला तो विज्ञानातील कल्पनाशक्तीचा. त्यासाठी त्यांनी सुमारे २०० शास्त्रज्ञांची चरित्रे अभ्यासली होती.

मात्र केवळ कल्पनेवर ते विसंबले नाहीत. अभिक्रियाकारकाची संहती बदलली की अभिक्रियेचा वेग किती बदलतो, हे मोजून तीत किती रेणू भाग घेतात हे ओळखण्याची रीत त्यांनी १८८४ च्या ग्रंथात दिली. एकेक रेणू आपापला बदलत असेल, तर संहती दुप्पट होताच वेग दुप्पट होतो. दोन सारखे रेणू एकमेकांवर आदळावे लागत असतील, तर तो चौपट होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेटींचा हिशेब असा प्रयोगशाळेत मांडता येऊ लागला.

१९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळ त्यांचे निधन झाले.

मुलाच्या अचाट कल्पनेला हसण्यापूर्वी आपण शिक्षक-पालकांनी हे चरित्र आठवावे आणि त्याच्या हाती मोजपट्टीही द्यावी.