संदर्भ देणे ही बाबासाहेबांचीच शिस्त

बाबासाहेबांच्या नावावर आज कुठलेही वाक्य खपते. बॅनरवर, भिंतीवर, मोबाईलवर. ते कुठल्या ग्रंथातले, कुठल्या भाषणातले, हे कोणी सांगत नाही. खुद्द बाबासाहेब कसे लिहीत होते?

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथे जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्या महाराष्ट्राचे श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी नावानिशी मांडल्या. केतकरांचे श्रेय मान्य केले आणि मगच प्रत्येकाची उणीव दाखवली. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्या समाजाच्या या विद्वानाने दुसऱ्याचे अक्षर स्वतःचे म्हणून खपवले नाही.

१९१७ साली मायदेशी पाठवलेला त्यांचा ग्रंथसंग्रह पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाला. ते खचले नाहीत. १९२० साली लंडनला परतून पुन्हा ग्रंथालयात बसले. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाला त्यांनी नाव घेऊन उत्तर दिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली निघाला, तेव्हा त्याला मूळ संदर्भ जोडलेले नव्हते. टीकाकारांना आयतेच निमित्त मिळाले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी भाषांतर करताना पाली ग्रंथांतून ते संदर्भ शोधून काढले. नुसत्या जयजयकाराने जे साधले नसते, ते त्या कष्टाने साधले.

आपल्या संशोधक मुलामुलींनी यातून धडा घ्यावा. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. उद्या मांडव्याची एखादी लेक या लढ्यावर प्रबंध लिहील. विधेयकाचा आधार ती विधिमंडळाच्या छापील कामकाजातून, तारीख आणि पानासह देईल. पण खोताच्या जाचाची हकीकत गावच्या आजीने सांगितली असेल, तर आजीच्या संमतीने तिचे नाव, गाव आणि मुलाखतीची तारीखही तळटीपेत यायला हवी. पुस्तक लिहिणाऱ्याला मान आणि सांगणारी आजी बेनाव, ही संशोधनातली अस्पृश्यताच नव्हे काय?

बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने ग्रंथाचे नाव, खंड आणि पानही सांगावे. सापडत नसेल, तर ते वाक्य त्यांच्या तोंडी घालू नये.