लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि पाणी उपसणारे चक्र

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले ते चित्रकार व्हायला. शिकता शिकता लक्षात आले की काही रंगांच्या छटा त्यांना वेगळ्या दिसतच नाहीत. रंगांधत्व हा डोळ्यांतील रंगपेशींचा जन्मजात दोष. त्यावर औषध नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तेच शिकवू लागले.

तारापूर औद्योगिक वसाहतीत नळ्यांचे जाळे पाहिले की हा प्रसंग आठवावा. कोणत्या नळीत पाणी, कोणत्या नळीत आम्ल, हे रंगावरून कळावे अशी पद्धत आहे. पण पुरुषांत साधारण बारांतील एकाला थोडेफार रंगांधत्व असते असे जगभरचे प्रमाण सांगते, भारतात ते काहीसे कमी. म्हणून नळीवर रंगाबरोबर द्रवाचे नाव आणि प्रवाहाचा बाणही हवा.

20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या या माणसाने बढती डावलली गेल्यावर मुंबईची नोकरी सोडली आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलच्या दुकानात पूर्ण लक्ष घातले. मग कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणरावांना त्यासाठी फार थांबावे लागले. हे थांबणे त्यांच्या चरित्रातला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग असावा.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी गेली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान आणि 10 हजार रुपये कर्जाऊ दिले. 1910 मध्ये निवडुंग तोडून, साप मारून तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तरी ओतकाम चालू ठेवण्याची धडपड त्यांनी सोडली नाही.

1926 च्या सुमारास या वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. तोवर विहिरीचे पाणी काढायला बैलांची मोट होती. मोट जेवढे पाणी भरते तेवढेच वर येते. सेंट्रिफ्युगल पंपाचे तसे नाही. त्यातला इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, गरगर फिरून पाणी बाहेरच्या बाजूला भिरकावते, मध्यभागी दाब कमी होतो आणि त्या पोकळीकडे नवे पाणी धावते. यात एकच अट आहे: आत आधी द्रव भरलेला हवा. हवा भरली असेल तर चक्र फिरत राहते, पाणी येत नाही. शेतकरी म्हणतो, मोटारीने हवा धरली. शेतात त्याने फार तर एक दुपार जाते.

बोईसरच्या कारखान्यात तोच प्रकार अंगावर येतो. पंप कोरडा फिरला की दांड्याभोवतीचे सील तापते, जळते आणि आतला द्रव बाहेर गळतो. तो द्रव पाणी नसून विद्रावक असेल तर त्याची वाफ श्वासात जाते, आणि ठिणगीची वाट पाहते. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागला, तर आत शिरणाऱ्या द्रवाचा दाब फार उतरला आहे, बुडबुडे तयार होऊन फुटत आहेत आणि इम्पेलरचे पाते कुरतडले जात आहे असे समजावे. गरम विद्रावक लवकर उकळतो, त्यामुळे तिथे हा आवाज लवकर सुरू होतो. शोषणाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असणे, गाळणी साफ असणे एवढ्यानेही बरेचदा भागते. सेंट्रिफ्युगल पंप सुरू करताना बाहेरचा व्हॉल्व्ह जरासाच उघडतात, म्हणजे मोटारीवर भार येत नाही. पण तो लगेच उघडावा लागतो. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालत राहिला, तर मोटारीची सारी शक्ती आतल्या थोड्याशा द्रवाला तापवण्यात जाते, आणि ओतीव लोखंडाचे कवच फुटूही शकते. दट्ट्याच्या पंपाला तर बंद व्हॉल्व्हवर क्षणभरही चालवू नये.

दुरुस्तीला हात घालताना मुख्य स्विच बंद करून त्यावर आपले स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. मग व्हॉल्व्ह बंद, आतला दाब सोडून द्रव काढून घेणे, धुणे, आणि त्यानंतरच बोल्ट ढिले करणे. घाई असते ती या क्रमात. कपलिंगवरची जाळी काढून ठेवण्याची घाई विशेष वाईट. सैल बाही किंवा ओढणी तिथे अडकते. फिरत्या यंत्राला कुंपण हवे, चालत्या यंत्राजवळ अंगाला घट्ट कपडे हवेत, हे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले, तेव्हा लक्ष्मणराव 79 वर्षांचे होते.

सांडपाण्याच्या खड्ड्यातला पंप सर्वांत फसवा. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू वाढला की नाक बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. खड्ड्यात कोसळलेल्याला काढायला उतरणारा दुसराही तसाच पडतो. हवा मोजल्याशिवाय, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय उतरायचे नाही. पंपच साखळीने वर ओढता आला तर त्याहून बरे.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला बोईसरजवळ तारापूर अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. अणुभट्टी बंद केली तरी तिचे इंधन तापतच राहते, आणि त्यावर पाणी फिरवत ठेवण्याचे काम त्यानंतरही चालू ठेवावे लागते.