स्वतः पाहिले, ऐकले की स्वप्नात दिसले?

'शेजारचे नाना आजारी आहेत' असे आपण सहज बोलून जातो. नानांना अंथरुणावर पडलेले पाहिले, दारात डॉक्टरांची गाडी दिसली म्हणून तर्क केला, की जिन्यात कुणी कानावर घातले, हे वाक्यात आले नाही तरी मराठी व्याकरणाचे काही अडत नाही. फार तर आपण शेवटी 'म्हणे' जोडतो; तेही आपल्या मर्जीने. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाला भाषेत मात्र आजारी माणूस स्वतः पाहिला नसेल, तर बातमी ऐकीव आहे, खुणांवरून काढलेली आहे की स्वप्नात दिसलेली, हे प्रत्यय लावून सांगावे लागते. होय, स्वप्नासाठीही वेगळा प्रत्यय! 1911 साली अमेरिकन इंडियन भाषांच्या बृहद्ग्रंथात ही गोष्ट अभ्यासकांपुढे ठेवली ती फ्रान्झ बोआस यांनी.

बोआस मूळचे भाषेचे नव्हेतच. जर्मनीतील मिंडेन गावी 1858 साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने 1881 साली कील विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली ती भौतिकशास्त्रात, समुद्राच्या पाण्याच्या रंगावर. पाण्याचा रंग ठरवायचा तर तो पाहणाऱ्या डोळ्याचाही विचार करावा लागतो. मला वाटते, त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज इथेच असावे. (हा माझा तर्क, क्वाक्वालात मला तसा प्रत्यय लावावा लागला असता.) 1883 साली ते भूगोलाच्या अभ्यासासाठी बॅफिन बेटावर गेले, वर्षभर इन्युइट लोकांत राहिले आणि तिथून त्यांचे लक्ष नकाशांकडून माणसांकडे वळले.

1886पासून ते ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर जाऊ लागले. तिथे फोर्ट रूपर्टला वाढलेले जॉर्ज हंट त्यांना भेटले. आई ट्लिंगिट, वडील इंग्रज आणि क्वाक्वाला तोंडात बसलेली. बोआस यांनी त्यांना ती भाषा लिहायला शिकवले आणि हंट पुढे कित्येक वर्षे हजारो पाने लिहून न्यूयॉर्कला पाठवत राहिले. म्हणजे बोआस यांचे या समाजाविषयीचे बरेचसे ज्ञान दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले होते, हे त्यांच्या मोठेपणाला नमस्कार करतानाही विसरू नये.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात काम करीत असताना बोआस यांनी दर्यावर्दी पिअरी यांना अभ्यासासाठी एक इन्युइट माणूस आणायला सुचवले. 1897 साली पिअरींनी ग्रीनलंडहून सहा जण आणले. त्यातले चौघे काही महिन्यांतच दगावले. त्यात किसुक होता. त्याच्या लहानग्या मुलाची, मिनिकची समजूत काढण्यासाठी संग्रहालयाने दफनविधीचे सोंग उभे केले. कापडात गुंडाळलेला लाकडी ओंडका दगडांखाली ठेवला. किसुकची हाडे मात्र संग्रहालयातच राहिली. मिनिकने बापाचे दफन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्याशी झालेला हा दगा होता, आणि पुढे बोबाटा झाला तेव्हा बोआस यांनी त्याचे समर्थन केले. ज्ञान कुठून आले याची एवढी चौकशी करणाऱ्या माणसाने एका पोराला खोटे ज्ञान मिळू द्यावे, हे मला आजही पचत नाही. ती हाडे ग्रीनलंडला परत गेली 1993 साली.

पण हेच बोआस 1919 साली एकटे उभे राहिले. महायुद्धात काही मानववंशशास्त्रज्ञांनी संशोधनाच्या बुरख्याआड हेरगिरी केली, असे त्यांनी एका साप्ताहिकात जाहीरपणे लिहिले. नावे दिली नाहीत, पण आपल्याकडे पक्का पुरावा आहे हे सांगितले. त्यांच्याच शास्त्राच्या संघटनेने, जिचे ते अध्यक्ष राहिले होते तिने, वीस विरुद्ध दहा मतांनी त्यांचा निषेध केला. आरोप खरा की खोटा, यावर फारसे कुणी बोलले नाही. बोआस यांनी तो बाहेर काढला याचाच राग होता. तो निषेध मागे घेतला गेला 2005 साली.

1933 साली नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत त्यांचीही पुस्तके होती. वंशावरून बुद्धी ठरवणाऱ्यांना ते पुरावा मागत राहिले, हा त्यांचा गुन्हा. अखेरच्या वर्षी, 1942 साली, एका लेखात त्यांनी गमतीने लिहिले होते की, वार्ताहरांनाही क्वाक्वालासारख्या प्रत्ययांची सक्ती असती तर वर्तमानपत्रे अधिक समाधानाने वाचता आली असती. रविवारच्या पुरवणीत लिहिणाऱ्यालाही हा टोला लागतोच!

21 डिसेंबर 1942 रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक क्लबात, फ्रेंच अभ्यासक पॉल रिव्हे यांच्यासाठी दिलेल्या भोजनाच्या वेळी ते कोसळले आणि गेले. त्या वेळी वंशवादाविषयी बोलत होते म्हणे. त्यांचे क्वाकिउटल व्याकरण मुलगी हेलेन यांनी संपादित करून 1947 साली प्रसिद्ध केले. ऐकीवाचा, तर्काचा आणि स्वप्नाचा प्रत्यय त्यात आहे.