मुकुंदराज : ओवीतील निर्देश आणि कविचरित्र

आद्य मराठी कवी म्हणून गौरविल्या गेलेल्या मुकुंदराजांचे चरित्र मुख्यतः त्यांच्या ओव्यांवरूनच रचले गेले. हरिनाथ–रघुनाथ ही गुरुपरंपरा सांगणाऱ्या या कवीच्या ‘विवेकसिंधु’त शके १११० (इ. स. ११८८) हा रचनाकाल येतो, मात्र उपलब्ध पाठाची भाषा अर्वाचीन वाटल्याने अभ्यासकांनी तो शंकास्पद मानला. ग्रंथातील अंबानगरी कोणी भंडारा–नागपूर सीमेवरील वैनगंगातीरीचे आंभोरा मानतात, तर कोणी मुकुंदराजांची समाधी असलेले अंबेजोगाई. नवखा वाचक अशा ओवीला सरळ चरित्राचा दाखला समजतो. वस्तुतः आधी पाठाची विश्वसनीयता तपासावी, मगच स्थलकालाचा निर्णय करावा. अन्यथा स्थानिक अभिमानच कवीचे चरित्र लिहू लागतो आणि अद्वैत विवरणाचा मूळ ग्रंथ न वाचताच राहतो.