शाळेचं दार उघडणारे महात्मा : जोतीराव फुले

आपल्या विहारात तथागतांच्या मूर्तीसमोर आपण वंदना घेतो. शेजारी परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा असते आणि तिच्या बाजूला पागोटं बांधलेल्या, दाढी राखलेल्या एका माणसाचीही प्रतिमा असते. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला आपण तिला हार घालतो. मुलांना विचारलं तर मुलींची पहिली शाळा काढणारे महात्मा फुले, एवढं ती पटकन सांगतात आणि तिथंच थांबतात. म्हणून वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत जोतीरावांचं चरित्र थोडं वेगळ्या अंगाने मांडावं असं वाटलं. शाळा कोणासाठी, तिचा खर्च कोणी करायचा आणि तिथं शिकवायचं कोणी, या तीन प्रश्नांवर हा माणूस जन्मभर भांडला. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

आपलं शिरढोण हे आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथं जन्मले. त्यांच्या बंडाची गोष्ट गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. परंतु पुण्यात वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शिक्षणसंस्था उभी करणाऱ्यांत फडक्यांचं नाव घेतलं जातं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुढे तीच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. पुण्यातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत फडके शिकले असं सांगतात. त्याच वस्तादांकडे त्यांच्या आधी जोतीराव दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले होते. मातंग समाजातल्या एका वस्तादाच्या हाताखालून गेलेली ही दोन माणसं. एकाने बंदूक उचलली, दुसऱ्याने पाटी. आपल्या गावाचा जोतीरावांच्या चरित्राशी असा लांबून का होईना धागा जुळतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्याचा. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातील कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरविण्याचा धंदा हाती आला आणि लोक फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव. आई चिमणाबाई जोतीराव वर्षभराचे असतानाच वारल्या. पुढे सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेनं वाढवलं. मुलाला मराठी शाळेत घातलं, पण माळ्याच्या पोराला लिहिण्या-वाचण्याचं काय काम, असं लोकांनी गोविंदरावांच्या मनात भरवलं आणि पोराची शाळा सुटली. हातात खुरपं आलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांना या मुलाची बुद्धी दिसत होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत गेले. म्हणजे ज्या माणसानं पुढे हजारोंना शाळेची वाट दाखवली, त्याची स्वतःचीच शाळा एकदा बंद पडली होती. हे त्यांच्या मनात कायमचं राहिलं असणार.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालताना जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. अहमदनगरला मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेचं काम त्यांनी पाहिलेलं होतं. त्याच १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शिकवणार कोण? पत्नी सावित्रीबाई. नायगावची ही मुलगी १८४० मध्ये लग्न होऊन घरात आली, ती जोतीरावांकडेच अक्षर शिकली आणि शिक्षिका झाली. रस्त्यात तिच्या अंगावर शेण-चिखल पडला. ती थांबली नाही. लोकांच्या धाकानं गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर या कामात उतरल्या.

१८५१ आणि १८५२ या दोन वर्षांत चिपळूणकरांच्या वाड्यात, रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. काही वर्षांपूर्वी जिला वर्गात सावलीलाही उभं राहू दिलं नसतं, तिचं लिहिणं आता छापलं जात होतं. शाळा माणसाला काय देते, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळाही चालवली.

या कामाला पैसा लागत होता, आणि सरकारी पैशावरून पुण्यात आधीच वाद पेटलेला होता. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रज सरकारनं तो निधी चालू ठेवला होता. त्यातला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास सुधारक मंडळींनी केला. सनातनी भडकले. सभेत मारहाण होईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा जोतीराव तालमीतले महार-मांग गडी घेऊन सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच दक्षिणा निधीतून मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांची मदत मिळू लागली. परंतु १८५७ च्या उठावानंतर युरोपियन लोकांच्या देणग्या आटल्या, मंडळींत मतभेद झाले आणि शाळांचा कारभार जोतीरावांच्या हातून सुटत गेला. देणगीवर चालणारी शाळा देणगीबरोबरच संपते, हे त्यांनी स्वतः भोगलं. प्राथमिक शाळा ही सरकारचीच जबाबदारी, या त्यांच्या पुढच्या आग्रहामागे हा अनुभव होता असं मला वाटतं.

मधली वर्षे भराभर सांगतो, कारण ती आपल्या वाचनात असतात. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी घरचा हौद खुला, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ग्रंथ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मांजरीला त्यांची शेती होती, बांधकामाची कंत्राटंही ते घेत. शेतकरी, व्यापारी, मास्तर, नगरसेवक असा सगळ्या बाजूंनी दुनिया पाहिलेला हा माणूस १८८२ साली हंटर आयोगापुढे गेला.

हा आयोग म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे. इंग्रज सरकारचं जुनं धोरण असं होतं की वरच्या थोड्या लोकांना उत्तम शिकवावं, मग विद्या आपोआप खाली झिरपेल. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात सामान्य रयतेच्या शिक्षणाकडे लक्ष द्या असं सांगितलं गेलं, पण कागदावरचं बरंचसं कागदावरच राहिलं. म्हणून १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख घातलेलं निवेदन जोतीरावांनी आयोगाला दिलं. त्याच वेळी आपल्या शिरढोणचे फडके एडनच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होते. चारच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांचा तिथं अंत झाला.

जोतीरावांचं म्हणणं सरळ हिशेबाचं होतं. सरकारचा महसूल येतो तो बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून. तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. ज्याचा पैसा त्याचं पोर शाळेबाहेर, हा कुठला न्याय? वरून खाली विद्या झिरपते म्हणता, तर इतक्या वर्षांत खाली किती थेंब आले ते दाखवा. शिकलेल्यांनी सरकारी नोकऱ्या धरल्या. आपल्याजवळची विद्या खालच्यांना द्यायला कितीजण गेले? म्हणून प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करा, ही त्यांची मुख्य मागणी.

नुसती मागणी करून ते थांबले नाहीत. शाळा चालवलेल्या माणसाचे बारकावे त्या निवेदनात आहेत. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना अध्यापनाचं शिक्षण द्या. कारण पोरांत मिसळणारा, गरज पडली तर नांगर धरायला न लाजणारा मास्तरच गावात टिकतो. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावी पंधरा-वीस द्या. मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, त्याबरोबर शेतीचं ज्ञान, नीती आणि आरोग्य शिकवा. लोकल फंडातला निम्मा पैसा प्राथमिक शाळांवर खर्च करा. शिष्यवृत्त्या नुसत्या परीक्षेवर दिल्या तर आधीच शिकलेल्या घरांतच जातात, तेव्हा निम्म्या तरी न शिकलेल्या समाजासाठी ठेवा. आणि जिथं महार-मांगांची वस्ती मोठी आहे तिथं त्यांच्यासाठी शाळा काढा, कारण इतरांच्या शाळेत त्यांना बसू दिलं जात नाही.

ही शेवटची मागणी आज काहींना खटकते. वेगळी शाळा म्हणजे भेद मान्य करणंच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु पोर आज व्हरांड्यातही उभं राहू शकत नाही, तेव्हा समाज सुधारेपर्यंत त्यानं थांबायचं की आधी अक्षर शिकायचं, हा जोतीरावांपुढचा रोकडा सवाल होता. इंग्रज सरकार गरिबांचं ऐकेल हा त्यांचा भरवसा मात्र जरा जास्तच होता, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. आयोगानं प्राथमिक शिक्षणाचं महत्त्व मान्य केलं, पण सक्ती केली नाही आणि शाळा स्थानिक मंडळांच्या व नगरपालिकांच्या गळ्यात घातल्या. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. विद्या नसल्यानं कुणब्याची सगळी घडीच कशी कोसळत गेली, हा त्याचा गाभा.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघातानं उजवी बाजू गेली. तरी डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरायला सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याही गेल्या.

जोतीरावांचं काम मात्र पुण्यात अडकून राहिलं नाही. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले महार गृहस्थ, यांनी त्यांच्या विचारानं कोकणात अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मधे १९११ साली गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात तसंच विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मग १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब उभे राहिले. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत जेमतेम अठरा पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, आणि सरकार दारूवर जेवढं मिळवतं त्यापेक्षा कितीतरी कमी शिक्षणावर खर्च करतं, हा हिशेब त्यांनी मांडला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या निवेदनाचीच ही पुढची पानं. आठवड्याभरात, २० मार्चला, त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आपल्या गावावरून जाणारा गोवा रस्ता त्याच महाडला जातो. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानलं आणि शूद्रांविषयीचा आपला १९४६ चा ग्रंथ त्यांना अर्पण केला.

राज्यघटनेनं चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचं वचन दिलं, दहा वर्षांत ते पुरं करायचं होतं. मुलाचा हक्क म्हणून कायदा झाला २००९ साली, अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० पासून. जोतीरावांच्या निवेदनानंतर एकशे सत्तावीस वर्षांनी. घरापासून एका किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची शाळा, असा नियम झाला. आणि २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायचं राज्य सरकारनं ठरवलं. कारण सांगितलं गेलं की इतक्या कमी मुलांत शिक्षण नीट होत नाही. यात तथ्य नाही असं नाही; एकटं पोर वर्गात कंटाळतं, हे कोणताही गुरुजी सांगेल. पण कर्नाळ्याच्या डोंगराकडेला असलेल्या वाडीतली कातकऱ्याची सात वर्षांची पोर हमरस्ता ओलांडून दूरच्या शाळेत रोज जाईल काय? ज्याच्या दारात गाडी आहे त्याला अंतर नसतं. पट कमी म्हणून शाळा हलवायची, की पट का कमी झाला ते आधी पाहायचं, हा वाद पुन्हा १८८२ च्याच जागी येऊन थांबतो.

आपणही थोडं आपल्याकडे बघितलं पाहिजे. दोन पैसे हाती आले की आपण आपली मुलं इंग्रजी शाळेत घालतो. त्यात गैर काही नाही, जोतीराव स्वतः इंग्रजी शिकले. परंतु आपलं पोर तिथून निघालं म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवायची, तिच्या व्यवस्थापन समितीच्या सभेला जायचं नाही, ही वरून खाली झिरपण्याचीच कल्पना झाली, फक्त आता वर आपण आहोत. विहारात संध्याकाळी चार मुलांना पाढे शिकवणारी आपली एखादी शिकलेली मुलगी, रविवारी वाडीवर पाटी घेऊन जाणारा एखादा तरुण, शाळेच्या सभेत उठून प्रश्न विचारणारी एखादी आई, यांनी हे काम पुढे न्यायचं आहे. वर्धापन दिनी प्रतिमेला हार घालताना आपल्या वस्तीतलं शाळेबाहेरचं एक तरी मूल नावानिशी आठवावं आणि सोमवारी त्याला शाळेत पोहोचवावं. जोतीरावांना हीच खरी आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम! जय जोती!