पट्टा जिंकला अन् स्पर्धाच थांबली!

ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची यादी १८६० पासून सुरू होते. दोन्ही महायुद्धांच्या काळात ती खंडित झाली, २०२० मध्ये करोनाच्या साथीने खंडित झाली. ही कारणे कोणालाही पटण्यासारखी आहेत. १८७१ या वर्षापुढील रिकाम्या जागेचे कारण मात्र निराळेच आहे. त्या वर्षी स्पर्धा भरली नाही, कारण विजेत्याला देण्यासाठी संयोजकांच्या हाती बक्षीसच उरले नव्हते. ते आदल्या वर्षी अवघ्या एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने नियमानुसार कायमचे आपल्या घरी नेले होते. त्याचे नाव टॉम मॉरिस. वडिलांचे नावही तेच असल्याने गोल्फच्या जगात बाप ‘थोरले टॉम’ म्हणून आणि मुलगा ‘धाकटा टॉम’ म्हणून ओळखला जातो. या धाकट्या टॉमला आयुष्य लाभले ते केवळ चोवीस वर्षांचे. पण आजच्या व्यावसायिक गोल्फची पायाभरणी ज्या थोड्या लोकांनी केली, त्यांत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावात २० एप्रिल १८५१ रोजी धाकट्या टॉमचा जन्म झाला. त्याच्या आधी जन्मलेला, त्याच नावाचा भाऊ चार वर्षांचा होऊन वारला होता. त्या मुलाचे नाव या मुलाला मिळाले. थोरले टॉम हे अ‍ॅलन रॉबर्टसन या त्या काळच्या नामांकित खेळाडूच्या हाताखाली चेंडू बनविण्याचे काम शिकले होते. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला गोळा. तो महाग आणि नाजूक असे. पुढे गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनविलेला स्वस्त व टिकाऊ चेंडू आला, त्यावरून गुरू-शिष्यांचे बिनसले आणि थोरल्या टॉमना गाव सोडावे लागले. पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे नवा क्लब निघाला होता. तेथे मैदानाचे रखवालदार म्हणून त्यांना नोकरी मिळाली. काही महिन्यांच्या टॉमला घेऊन हे कुटुंब १८५१ मध्ये प्रेस्टविकला आले.

त्या काळी गोल्फ हा दोन थरांचा खेळ होता. क्लबाचे सभासद जमीनदार, व्यापारी, वकील, लष्करी अधिकारी असत. त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे, चेंडू बनविणारे, गवत राखणारे आणि पैशांसाठी खेळणारे ते व्यावसायिक. श्रीमंत मंडळी त्यांच्यावर पैजा लावीत, सामना रंगला की शाबासकी देत, पण त्यांना आपल्या पंगतीला मात्र बसवीत नसत. थोरल्या टॉमनी ही व्यवस्था मुकाट्याने स्वीकारली होती. मुलगा मात्र वेगळ्या वातावरणात वाढला. वडिलांनी त्याला एअर अकादमी या चांगल्या शाळेत घातले. तेथे तो सुखवस्तू घरांतील मुलांच्या बरोबरीने शिकला. पिशवी वाहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. पुढे मैदानावर त्याच्या चालण्या-बोलण्यात जो ताठपणा दिसे, त्याचे मूळ या संगोपनात होते.

प्रेस्टविकच्याच मैदानावर १७ ऑक्टोबर १८६० रोजी पहिली ओपन स्पर्धा झाली. अ‍ॅलन रॉबर्टसनच्या निधनानंतर देशातील सर्वोत्तम व्यावसायिक कोण, हे ठरविणे हा तिचा हेतू होता. खेळाडू आठ, मैदान बारा होलचे आणि एकाच दिवसात तीन फेऱ्या, म्हणजे एकूण ३६ होल, असे तिचे स्वरूप होते. बक्षीस म्हणजे लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या नक्षीदार बकलाचा रुंद पट्टा. तो विजेत्याने वर्षभर जवळ ठेवायचा आणि पुढच्या वर्षी परत करायचा. सलग तीन वर्षे जिंकणाऱ्याचा मात्र तो कायमचा होईल, असा नियम होता. रोख रक्कम पहिल्या वर्षी नव्हतीच. १८६४ मध्ये विजेत्याला सहा पौंड मिळू लागले. पहिला पट्टा विली पार्कने १७४ फटक्यांत जिंकला. थोरले टॉम दोन फटक्यांनी मागे राहिले. नंतर मात्र १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ असे चार वेळा त्यांनी तो मिळविला. १८६७ च्या विजयावेळी ते ४६ वर्षांचे होते. या स्पर्धेतील सर्वांत वयस्कर विजेता हा त्यांचा मान आजही अबाधित आहे.

हा पराक्रम मुलगा लहानपणापासून जवळून पाहत होता. १८६४ मध्ये पर्थ येथे वडिलांबरोबर गेलेल्या तेरा वर्षांच्या टॉमचा सामना तेथील एका नावाजलेल्या मुलाशी लावण्यात आला आणि टॉमने तो सहज जिंकला. त्याच सुमारास थोरल्या टॉमना सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने वर्षाला पन्नास पौंड पगारावर परत बोलाविले. मैदानालगत त्यांचे घर आणि दुकान झाले. १८६७ मध्ये कार्नुस्टी येथील मोठ्या स्पर्धेत सोळा वर्षांच्या टॉमने विली पार्क आणि बॉब अँड्र्यू या मुरलेल्या खेळाडूंना निर्णायक फेरीत हरविले, तेव्हा मॉरिसांच्या घरात आणखी एक विजेता तयार झाल्याची चाहूल सर्वांना लागली.

पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, तो ओपन जिंकला. ३६ होलसाठी १५४ फटके हा तोवरचा सर्वोत्तम आकडा होता. वय सतरा वर्षे. गोल्फच्या प्रमुख स्पर्धांमधील सर्वांत तरुण विजेता हा मान दीडशेहून अधिक वर्षे त्याच्याकडेच आहे. म्हणजे सर्वांत वयस्कर विजेता आणि सर्वांत तरुण विजेता यांची नावे यादीत लागोपाठ येतात आणि ते दोघे बाप-लेक आहेत. १८६९ मध्ये त्याने पट्टा राखला. विजयांच्या याच मालिकेत एकदा बाप-लेकांनी पहिले दोन क्रमांक पटकावले, आणि प्रेस्टविकच्या आठव्या होलवर एकाच फटक्यात चेंडू थेट भोकात घालून या स्पर्धेतील पहिल्या ‘होल-इन-वन’ची नोंदही टॉमने आपल्या नावावर केली.

१५ सप्टेंबर १८७० या दिवशी मात्र कळस झाला. पट्टा कायमचा मिळविण्यासाठी तिसरा विजय हवा होता. पहिलाच होल ५७८ यार्डांचा. लाकडी काठ्या आणि गटापर्चाचा चेंडू यांच्या त्या जमान्यात तो सहा फटक्यांत पुरा झाला तरी खेळाडू समाधान मानीत. टॉमने तो तीन फटक्यांत संपविला. तिसरा फटका लांबूनच थेट भोकात गेला. बारा होलची पहिली फेरी त्याने ४७ फटक्यांत पूर्ण केली आणि नंतरच्या दोन फेऱ्या प्रत्येकी ५१ फटक्यांत. एकूण १४९. दुसऱ्या क्रमांकावरील बॉब कर्क आणि डेव्ही स्ट्रॅथ यांना १६१ फटके लागले. बारा फटक्यांचे हे अंतर पाहून स्पर्धा नावापुरतीच उरली होती, हे सर्वांना कळून चुकले. ३६ होलच्या त्या पद्धतीत हा आकडा पुन्हा कोणालाही गाठता आला नाही.

या यशामागे केवळ ताकद नव्हती. चाकोरीत वा खड्ड्यात अडकलेला चेंडू बाहेर काढण्यासाठी लहान पात्याची एक लोखंडी काठी वापरीत. टॉमने तिचा उपयोग चेंडू उंच उडवून ग्रीनवर अलगद थांबविण्यासाठी सुरू केला. जमिनीलगत सरपटत्या फटक्यांच्या त्या काळात ही नवी दृष्टी होती. त्याचा झपाटा जोरकस असे, पण भोकाजवळ आल्यावर हात तितकाच हलका होई.

पट्टा घरी गेला आणि प्रेस्टविक क्लबापुढे पेच उभा राहिला. नवे बक्षीस कोणी द्यायचे आणि स्पर्धा कोठे भरवायची, याची चर्चा लांबत गेली. १८७१ चे वर्ष असेच सरले. अखेर १८७२ मध्ये प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट आणि एडिंबरोची ऑनरेबल कंपनी अशा तीन संस्थांनी प्रत्येकी दहा पौंड घालून चांदीची सुरई करण्याचे आणि स्पर्धा आळीपाळीने आपापल्या मैदानांवर घेण्याचे ठरविले. एका क्लबाची वार्षिक चुरस देशाची अजिंक्यपद स्पर्धा झाली ती या करारामुळे; आणि हा करार घडला तो टॉमच्या निर्विवाद वर्चस्वामुळे.

त्या वर्षीची स्पर्धा प्रेस्टविकलाच झाली. या वेळी सामना खऱ्या अर्थाने रंगला. डेव्ही स्ट्रॅथ हा टॉमचा जिवलग मित्र. पोटापाण्याची कारकुनी सोडून तो पूर्णवेळ गोल्फकडे वळला होता. दोन फेऱ्यांनंतर स्ट्रॅथ १०८, तर टॉम ११३ फटक्यांवर होता. पाच फटक्यांची ही पिछाडी टॉमने अखेरच्या फेरीत ५३ फटक्यांत भरून काढली. स्ट्रॅथला त्याच फेरीत ६१ फटके लागले. टॉम तीन फटक्यांनी जिंकला. ओपनचे सलग चार विजय आजतागायत दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. सुरई तेव्हा तयार नव्हती, त्यामुळे त्याला पदकावर समाधान मानावे लागले. तरी पुढे सुरईवर पहिले नाव कोरले गेले ते त्याचेच.

एरवी हे दोघे मित्र गावोगावी जाऊन एकमेकांविरुद्ध सामने खेळत. पैजेची रक्कम, प्रवास, मानधन या बाबी ते स्वतः ठरवीत. धनिकांच्या मर्जीवर न राहता खेळाच्या बळावर जगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आजच्या व्यावसायिक दौऱ्यांचे बीज या भटकंतीत सापडते.

नोव्हेंबर १८७४ मध्ये टॉमने मार्गारेट ड्रिनेन हिच्याशी विवाह केला. ती खाणकामगारांच्या वस्तीतील, पूर्वी मोलकरीण म्हणून राबलेली आणि त्याच्याहून वयाने मोठी होती. त्याच्या आई-वडिलांना हा विवाह रुचला नसावा; ते लग्नाला हजर नव्हते. तरी संसार सुखाचा होता. सप्टेंबर १८७५ मध्ये नॉर्थ बर्विक येथे मॉरिस बाप-लेक आणि विली व मंगो पार्क हे बंधू यांच्यात सामना होता. मार्गारेट तेव्हा घरी बाळंतपणासाठी अडली होती. सामना संपत आला असताना तिची प्रकृती गंभीर असल्याची तार आली. सामना मॉरिसांनी जिंकला. रेल्वेचा वळसा टाळण्यासाठी कोणी तरी आपली नौका दिली आणि खाडी ओलांडून दोघे निघाले. पण टॉम घरी पोहोचला तेव्हा पत्नी आणि नवजात बाळ, दोघेही हे जग सोडून गेली होती.

त्यानंतर त्याचे खेळातून मनच उडाले. तरीही हिवाळ्याच्या तोंडावर आर्थर मोल्सवर्थ या हौशी इंग्लिश खेळाडूचे आव्हान त्याने स्वीकारले. दर तिसऱ्या होलला एका फटक्याची सवलत देऊन, बर्फाने झाकलेल्या सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर अनेक दिवस चाललेला तो सामना त्याने जिंकलाही. तो त्याचा शेवटचा मोठा सामना ठरला. २५ डिसेंबर १८७५ च्या सकाळी, नाताळच्या दिवशी, तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. फुफ्फुसातील रक्तस्राव हे वैद्यकीय कारण होते. दुःखानेच तो गेला, अशी लोकांची समजूत झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी काढून सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कॅथेड्रलच्या आवारात त्याचे स्मारक उभारले. १८७८ मध्ये त्याचे अनावरण झाले. हातात काठी घेऊन फटक्याच्या तयारीत उभा असलेला टॉम त्यात कोरलेला आहे. ज्या वर्गाला क्लबाच्या मेजावर जागा नव्हती, त्या वर्गातील एका खेळाडूसाठी साठ संस्था एकत्र आल्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

थोरले टॉम मात्र आणखी बत्तीस वर्षे जगले. मैदाने आखणे, गवत राखणे, दुकान चालविणे हा त्यांचा क्रम चालूच राहिला. पत्नी गेली आणि एकेक करून सर्व अपत्येही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मे १९०८ मध्ये, क्लबाच्या जिन्यावरून पडून, ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नातवंडांनी तो लाल पट्टा रॉयल अँड एन्शंट क्लबाच्या स्वाधीन केला. टॉमने कायमचा जिंकलेला पट्टा आता कोणा एका घराचा राहिलेला नाही. त्याची जागा घेणाऱ्या सुरईची प्रतिकृती मात्र दर जुलैमध्ये नवा विजेता उंचावतो, आणि मूळ सुरईवरील नावांची रांग अजूनही धाकट्या टॉमपासूनच सुरू होते.