विल्यम मार्च : जीवन आणि ‘द बॅड सीड’

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• विल्यम मार्च यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• ‘द बॅड सीड’ या कादंबरीतील आई आणि मुलगी यांच्या नात्याचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• लेखकाचे चरित्र आणि त्याची कलाकृती यांचा संबंध जोडताना घ्यावयाची दक्षता विशद करता येईल.

२. प्रास्ताविक

खाण तशी माती, असे आपण सहज म्हणतो. मुलाच्या गुणांचे कौतुक करताना ही म्हण गोड वाटते; पण मुलाच्या हातून काही भयंकर घडले, तर तीच म्हण आईबापांवरचा आरोप होते. या आरोपाखाली चिरडत जाणाऱ्या एका आईची कथा अमेरिकन लेखक विल्यम मार्च यांनी १९५४ साली ‘द बॅड सीड’ या कादंबरीत सांगितली. मानसशास्त्रीय थरारक कादंबरी या प्रकारात ती आजही आवर्जून उल्लेखिली जाते. ती लिहिणारा माणूस आयुष्यभर अपराधभावनेशी झुंजत होता. म्हणूनच त्याच्या चरित्राचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरते.

३. जीवनपरिचय

३.१ बालपण व शिक्षण

मार्च यांचे मूळ नाव विल्यम एडवर्ड कॅम्बेल. त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९३ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, मोबील या बंदराच्या शहरी झाला. वडील जंगलातील उभ्या झाडांपासून किती लाकूड मिळेल याचा अंदाज बांधण्याचे काम करीत. त्यामुळे हे मोठे कुटुंब लाकूड गिरण्यांच्या लहान गावांतून सतत फिरत राहिले. चौदाव्या वर्षीच शाळा सुटली आणि विल्यम एका गिरणीच्या कचेरीत कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःच्या कमाईवर शिक्षण पुन्हा सुरू केले आणि अलाबामा विद्यापीठात कायद्याचा अभ्यासही केला. परंतु पैशाअभावी तो अपुरा राहिला. नोकरी करता करता शिकणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ही धडपड परकी वाटणार नाही. लेखक म्हणून त्यांनी आईचे माहेरचे आडनाव, मार्च, स्वीकारले.

३.२ महायुद्धाचा अनुभव

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि मार्च मरीन दलात दाखल झाले. फ्रान्समधील बेलो वुड, सोआसाँ आणि ब्लाँ माँ येथील लढायांत ते होते. ऑक्टोबर १९१८ मध्ये ब्लाँ माँ येथे त्यांच्याकडे आकडेवारीची नोंद ठेवण्याचे काम होते. तरीही ते आपण होऊन जखमींवर प्रथमोपचार करू लागले. शत्रू उपचार केंद्राजवळ येऊन ठेपताच ते लढणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले आणि दोनदा जखमी होऊनही हल्ला परतेपर्यंत मागे हटले नाहीत. या पराक्रमाबद्दल अमेरिकेची दोन आणि फ्रान्सचे एक अशी तीन मानाची पदके त्यांना मिळाली.

पदके मिळाली, पण मनःशांती हरवली. एका कोवळ्या जर्मन सैनिकाला आपण संगिनीने ठार केले, त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, असे ते परिचितांना सांगत. घसा आणि डोळे यांच्या तक्रारींनी त्यांना पुढे अनेक वर्षे छळले. या तक्रारींचे मूळ शरीरापेक्षा मनात होते, असे मानले जाते.

३.३ व्यवसाय आणि लेखन

युद्धानंतर मार्च मोबीलमधील वॉटरमन या जहाज कंपनीत रुजू झाले आणि उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले. कंपनीच्या कामासाठी १९३० च्या दशकात ते प्रथम जर्मनीतील हँबुर्ग येथे व नंतर लंडन येथे राहिले. लंडनमध्ये त्यांनी एडवर्ड ग्लोव्हर या नामवंत मनोविश्लेषकाकडून उपचार घेतले. मनोविश्लेषण हा त्यांच्यासाठी केवळ वाचनाचा विषय नव्हता.

१९३३ साली त्यांची पहिली कादंबरी ‘कंपनी के’ प्रसिद्ध झाली. एकाच तुकडीतील ११३ सैनिक आपापला अनुभव प्रथमपुरुषी निवेदनातून मांडतात, अशी तिची रचना आहे. शरण आलेल्या कैद्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम निघतो, हा तिच्यातील कळीचा प्रसंग. तो हुकूम कोणी पाळतो, कोणी नाकारतो, आणि त्याचे ओझे प्रत्येक जण वेगळ्या रीतीने वाहतो. सदसद्विवेकाचे हे ओझे हाच मार्च यांच्या पुढील साहित्याचाही विषय राहिला. ‘कम इन ॲट द डोअर’ (१९३४), ‘द टॅलन्स’ (१९३६) आणि ‘द लुकिंग-ग्लास’ (१९४३) या कादंबऱ्यांतून त्यांनी अलाबामातील लहान गावांचे जीवन रंगवले. कथाकार म्हणूनही त्यांना मान मिळाला. मात्र मोठा वाचकवर्ग लाभला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची मानसिक प्रकृती ढासळली. ते अविवाहित होते. अखेरची वर्षे त्यांनी न्यू ऑर्लिन्स शहरात घालवली.

४. ‘द बॅड सीड’ : आईचे भय

‘द बॅड सीड’ एप्रिल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ वर्षांची रोडा पेनमार्क नीटनेटकी, आज्ञाधारक, मोठ्यांशी आदबीने वागणारी मुलगी आहे. सुंदर हस्ताक्षरासाठीचे शाळेचे पदक आपल्यालाच मिळणार, अशी तिची खात्री असते; ते क्लॉड डेगल या मुलाला मिळते. शाळेच्या सहलीत क्लॉड बुडून मरतो. पुढे ते पदक रोडाच्या वस्तूंमध्ये तिच्या आईला, क्रिस्टीनला, सापडते. पती कामानिमित्त दूर गेलेला असतो. क्रिस्टीन एकटीच एकेक धागा जुळवत जाते आणि दरवेळी तिची भीती वाढते.

या भयाचे स्वरूप लक्षात घ्या. मुलगी आपल्याला इजा करील, अशी धास्ती तिला नाही. हे माझ्यातून आले का, हा प्रश्न तिला खातो. आपण दत्तक असून आपली जन्मदात्री अनेक खून करून देहदंड भोगलेली स्त्री होती, हे तिला कळते तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे तिला वाटते. मग ती मुलीला झोपेच्या गोळ्या देते आणि स्वतःवर गोळी झाडते. आई मरते, मुलगी वाचते. पित्याला यातले काहीच कळत नाही.

गुन्हा करणाऱ्या मुलीला पश्चात्तापाचा लवलेश नाही आणि सारा पश्चात्ताप निरपराध आईच्या वाट्याला येतो, हे या कादंबरीचे मर्म होय. यातील उपरोधही पाहण्याजोगा आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोनिका ब्रीडलव्ह यांना मनोविश्लेषणाचे भारी वेड. इतरांच्या मनाची उकल त्या उठता-बसता करतात, पण रोडावर मात्र त्या लुब्ध आहेत. तिचे खरे रूप प्रथम ओळखतो तो लेरॉय हा क्षुद्र वृत्तीचा नोकर.

कादंबरीचा आधार असलेली कल्पना, गुन्हेगारी रक्तातून उतरते ही, शास्त्रीय दृष्ट्या टिकणारी नाही. परंतु क्रिस्टीन तिच्यावर विश्वास ठेवते आणि त्या विश्वासापायी स्वतःला व मुलीला शिक्षा सुनावते. म्हणून ही कादंबरी आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून न वाचता, एका समजुतीच्या आहारी गेलेल्या मनाची शोकांतिका म्हणून वाचणे अधिक योग्य ठरेल.

५. मृत्यू आणि कीर्ती

कादंबरी गाजू लागली तोच, १५ मे १९५४ रोजी, हृदयविकाराने मार्च यांचे निधन झाले. जन्मभर हुलकावणी देणारे यश त्यांना जेमतेम महिनाभर पाहता आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅक्सवेल अँडरसन यांनी केलेले नाट्यरूपांतर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. १९५६ साली मर्विन लरॉय यांनी चित्रपट काढला. गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे, हा त्या काळच्या अमेरिकन चित्रपटसृष्टीचा दंडक असल्याने पडद्यावर शेवट उलटवण्यात आला : आई वाचते आणि मुलगी वीज कोसळून मरते. प्रेक्षकाला न्याय झाल्याचे समाधान मिळाले. पण मूळ कादंबरीने वाचकाला जे अस्वस्थपण दिले होते, ते नाहीसे झाले.

६. समारोप

तीन पदके मिळवूनही ज्याला हत्येची आठवण सोडत नाही असा सैनिक, आणि एका पदकासाठी जीव घेऊनही निवांत झोपणारी मुलगी, ही दोन चित्रे शेजारी ठेवण्याचा मोह अभ्यासकाला होतो. तो मोह निरर्थक नाही, पण चरित्र ही कलाकृतीची किल्ली नव्हे. क्रिस्टीन म्हणजे मार्च, असे समीकरण मांडले तर क्रिस्टीन आपल्या मुलीशी जे करते तेच आपण कादंबरीशी करू : उगम सापडला की सारे उलगडले, असे मानू. चरित्र प्रश्न सुचवते. त्यांची उत्तरे कलाकृतीतच शोधावी लागतात.

७. स्वाध्याय

१) युद्धानुभवाचा विल्यम मार्च यांच्या लेखनविषयांवर झालेला परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.
२) क्रिस्टीनच्या भयाचे स्वरूप तुमच्या शब्दांत लिहा.
३) कादंबरी आणि चित्रपट यांच्या शेवटांतील फरकामुळे आशयात कोणता बदल होतो, याची चर्चा करा.